अभ्यासक्रम तयार करण्याची नोकरी आणि आपला बायोडाटा

बायोडाटा म्हटले की आपल्या घरांत पहिला आठवतो तो लग्नाचा. वरती गणपती, खाली मुलीचे नाव, उंची, वर्ण, रास, गण, नाडी, मामाचे गाव, वडिलांची जिरायत किती आणि बागायत किती. हा कागद तयार करण्यात आपल्याकडची मंडळी चांगली तरबेज आहेत. गंमत अशी, की मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी अर्ज करू लागली की तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून जवळजवळ त्याच साच्यातला कागद बाहेर पडतो. गणपती तेवढा जातो. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, 'छंद : वाचन व संगीत ऐकणे' आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' ही ओळ, हे सगळे असते. मधल्या जागेत, म्हणजे जेथे माणसाचे काम दिसावयास पाहिजे तेथे, परीक्षांच्या टक्केवारीचा एक चौकोन असतो.

हा कागद कोणत्याच नोकरीला फारसा उपयोगी नाही. पण ज्या नोकरीविषयी आज लिहावयाचे आहे तिला तर तो मुळीच चालत नाही. ती नोकरी म्हणजे शाळेसाठी किंवा प्रशिक्षणासाठी अभ्यासक्रम तयार करण्याची.

आपल्या वाचकांच्या घरी या विषयाचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे. दोन-तीन एकरांच्या कितीतरी घरांनी म्हैस विकून, सोसायटीचे कर्ज काढून मुलामुलींना डी.एड. केले. घरात एक मास्तर झाला म्हणजे शेतीला आधार होईल, हा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. पण २०१२ नंतर राज्यात शिक्षकभरती काही वर्षे जवळजवळ थांबली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले, आणि भरती तुकड्यातुकड्यांनी होऊ लागली. तोवर कितीजणांचे वय वाढून गेले. कोणी खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवीत आहे, कोणी सासरी कांदा निंदीत आहे, कोणी कृषी पदवी घेऊन खताच्या दुकानात बसला आहे. यांच्यापैकी काहींच्या हातात असे काम आहे की ज्याला बाहेर किंमत आहे; ते कागदावर कसे मांडावे, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नाही. जागा थोड्या असतात हे आधीच सांगून ठेवतो. सगळ्यांना ही नोकरी मिळेल असे म्हणणे म्हणजे थाप मारणे होईल.

आधी काम काय आहे ते पाहू. अभ्यासक्रम म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. आपण मृगाच्या आधी बसून ठरवितो, की कोणत्या तुकड्यात काय घ्यावयाचे, सोयाबीन निघाल्यावर हरभरा येईल का, विहिरीचे पाणी कोठवर पुरेल, मजूर कधी मिळतील. बी-बियाणे त्यानंतरची गोष्ट. तसेच, कोणत्या वयाच्या मुलाला काय यावयास पाहिजे, ते कोणत्या क्रमाने शिकवावे, कशाने शिकवावे आणि त्याला ते आले की नाही हे कसे ओळखावे, ही सगळी आखणी म्हणजे अभ्यासक्रम. पुस्तक, कार्यपत्रिका, शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका, चाचण्या, शिक्षकांचे प्रशिक्षण ही त्यातून निघणारी कामे. नोकरीच्या जाहिरातीत 'अभ्यासक्रम विकसक', 'शैक्षणिक साहित्य निर्मिती', 'विषयतज्ज्ञ' अशी नावे असतात. काम थोड्याफार फरकाने हेच.

हे काम करते कोण? देशपातळीवर १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. महाराष्ट्रात पुण्याची राज्य परिषद आहे, आणि पाठ्यपुस्तकांसाठी २७ जानेवारी १९६७ रोजी सुरू झालेली बालभारती. मुलाच्या दप्तरातले बालभारतीचे कोणतेही पुस्तक उघडा व सुरुवातीची पाने पाहा. विषय समिती, अभ्यासगट अशा मथळ्यांखाली नावे छापलेली असतात. त्यांत प्राध्यापक असतात तसे शाळांत प्रत्यक्ष शिकविणारे शिक्षकही असतात. ही पाने आपण कधी वाचीत नाही. ज्याला या वाटेने जावयाचे आहे त्याने ती वाचावीत.

सरकारबाहेरही हे काम पुष्कळ चालते, आणि त्यातले काही खेड्यातूनच उभे राहिले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पाने, खडे यांतून बालशिक्षणाची साधने केली. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेला प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. त्याच कामातून १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथे शेती-पशुपालन, कार्यशाळेतील काम, ऊर्जा-पर्यावरण, घर व आरोग्य असे हाताने काम करीत शिकण्याचे विषय माध्यमिक शाळेत आणले. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान व गणिताच्या शिक्षणावर काम करीत आहे. याखेरीज निरनिराळ्या स्वयंसेवी संस्था आहेत, कार्यपुस्तिका छापणारे प्रकाशक आहेत, आणि आता मोबाइलवर पाठ देणाऱ्या कंपन्याही आहेत. कृषी पदवीधरांनी हेही लक्षात ठेवावे, की रोपवाटिका, ठिबक, दुग्धव्यवसाय, मधमाशीपालन अशा अल्पमुदतीच्या प्रशिक्षणांनाही अभ्यासक्रम लागतो आणि तो कोणाला तरी लिहावाच लागतो.

सध्या या कामाला जरा तेजी आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्यामागून २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा व २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे काम शिकावे, असेही त्या धोरणात म्हटले आहे. आता ते दहा दिवस आखावयाचे कोणी? ज्याने आयुष्यात कधी वाफा बांधला नाही त्याने? हा प्रश्न मी जाणूनबुजून विचारतो आहे.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. सरकारी कायम पदे परीक्षेने व ठरावीक नमुन्याच्या अर्जाने भरली जातात. तेथे आपला सुंदर बायोडाटा कोणी वाचीत नाही. जाहिरातीत मागितले तेवढेच, मागितले तसे भरावे. जिल्हा व तालुका पातळीवरची विषय सहायक किंवा साधनव्यक्ती अशी कामे बहुधा शिक्षकांतून वा कराराने असतात. बायोडाटा खरा कामाला येतो तो स्वयंसेवी संस्था, प्रकाशक, कंपन्या आणि कराराच्या जागांसाठी. या जागांचा पगार निधीवर अवलंबून असतो. प्रकल्प संपला की नोकरी संपू शकते. घरच्यांनी हे मुलांच्या डोक्यावर हात मारून नव्हे, शांतपणे आधीच समजून घ्यावे.

आता मुख्य विषयाकडे वळू.

अर्ज वाचणाऱ्या माणसापुढे कागदांचा ढीग असतो. प्रत्येक कागदावर त्याची नजर पहिल्यांदा अर्धा-एक मिनिट फिरते. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी शोधावयाच्या असतात : या माणसाला मुले कशी शिकतात हे ठाऊक आहे काय, याने स्वतः काही तयार केले आहे काय, आणि तयार केलेले वापरून पाहून सुधारले आहे काय. दहावीला किती टक्के होते, हे तो शेवटी पाहतो. म्हणून टक्केवारीचा चौकोन खाली न्यावा आणि काम वर आणावे. सगळा मजकूर दोन पानांत बसवावा. नवख्याला एक पानही पुष्कळ होते.

कामाची ओळ कशी लिहावी, हेच खरे अवघड आहे. बहुतेकजण लिहितात : 'तीन वर्षे खाजगी प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून काम केले. अनुभव चांगला आहे.' यावरून काय कळले? काहीच नाही. आता समजा, ही मुलगी बीड जिल्ह्यातली आहे आणि तिच्या वर्गातील काही मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. तिने त्यांच्यासाठी परत आल्यावर करावयाची गणिते वेगळी काढून दिली होती. हे काम तिला फार मोठे वाटत नाही, कारण ते तिने पोटाला चिमटा बसतो म्हणून, मुलांची दया येऊन केले. पण अभ्यासक्रमाच्या भाषेत हे सोन्यासारखे काम आहे. तिची ओळ अशी व्हावी :

'इयत्ता तिसरी व चौथीस गणित व परिसर अभ्यास शिकविला, तीन वर्षे. वर्गात ३४ मुले, त्यांपैकी ११ ऊसतोड कुटुंबांतील. चार-पाच महिने शाळा बुडालेल्या मुलांसाठी हातच्याची वजाबाकी व गुणाकार यांच्या २४ कार्यपत्रिका सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने तयार केल्या. पहिल्या वर्षी मुले आठव्या पत्रिकेशी अडत होती. दुसऱ्या वर्षी तेथे काड्यांच्या जुड्यांनी करावयाच्या तीन कृती घातल्या. शाळेतील दुसऱ्या दोन शिक्षिकांनी त्या वापरल्या.'

आकडे येथे नमुन्याचे आहेत. आपले आकडे आपल्या वहीतून काढावेत. पण ओळीची ठेवण पाहा. मुले कोण होती, अडचण काय होती, काय तयार केले, कोठे फसले, काय बदलले, आणखी कोणी वापरले, एवढे सगळे सहा वाक्यांत आले. 'मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे' असे लिहावेच लागले नाही. तसे लिहूही नये. मेहनती नसलेला माणूसही तेच लिहितो.

फसलेले लिहिले तर नोकरी जाईल, अशी भीती वाटते. या धंद्यात उलटे आहे. पहिल्या फटक्यात बरोबर आलेला पाठ अजून कोणी लिहिलेला नाही. वर्गात नेऊन तो कोठे मोडतो हे पाहण्यालाच क्षेत्रचाचणी म्हणतात आणि ती केलेला माणूस त्यांना हवा असतो.

दुसरी गोष्ट भाषेची. जाहिरातीत 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द येतो. घाबरण्याचे कारण नाही. शिकून झाल्यावर मुलाला नेमके काय करता येईल, ते म्हणजे अध्ययन निष्पत्ती. राष्ट्रीय परिषदेने प्राथमिक वर्गांसाठीच्या निष्पत्ती २०१७ मध्ये इयत्तावार छापल्या आहेत आणि त्या मराठीतही शाळाशाळांत पोचल्या आहेत. 'मुलांना दशांश अपूर्णांक समजावेत' ही झाली इच्छा. 'मूल दूध संकलन केंद्राच्या पावत्या वाचून दहा दिवसांचे एकूण दूध व मिळणारी रक्कम काढते' ही झाली निष्पत्ती. पहिलीचे काय मोजणार? दुसरी मोजता येते. आपल्या कामाच्या ओळीत निदान दोन ठिकाणी अशी मोजता येणारी गोष्ट असावी.

आणि येथे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांकडे एक असे भांडवल आहे, की जे शहरातल्या उमेदवाराला पुस्तकातून मिळत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आपल्याकडच्या पोराला क्षेत्रफळाचा धडा येण्याआधी कानावर पडलेले असते. बाजार समितीतून आलेली हिशेबपट्टी म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, शेकडेवारी यांचा तयार धडाच. वजन, दर, हमाली, तोलाई, मोटारभाडे, उरलेली रक्कम. फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याकडून घ्यावयाची नाही असे २०१६ मध्ये राज्यात ठरले; तरी ती पट्टीत दिसली तर सातवीतल्या मुलाच्या ती लक्षात यावी, एवढे जरी गणित शिकविता आले तरी त्या धड्याचे पैसे फिटले. पर्जन्यमापकाच्या नोंदीतून आलेख, ठिबकच्या तोट्यांवरून लिटर-तास, कोंबड्यांच्या खाद्यातून गुणोत्तर. ज्याने असा एखादा धडा केला असेल त्याने तो बायोडाटाच्या पहिल्या पानावर आणावा. 'शेतकरी कुटुंबातील आहे' एवढेच लिहून मात्र उपयोग नाही. तशी सहानुभूती कोणी मागितलेली नाही. शेतीतून शिकविण्यालायक काय काढले, ते लिहावे.

तसेच बोलीचे. अहिराणी, वऱ्हाडी, गोरबोली, कोरकू, गोंडी, वारली, पावरी यांपैकी घरची बोली जी असेल ती 'भाषा' या मथळ्याखाली स्पष्ट लिहावी. आपल्याकडे मराठी, हिंदी, इंग्रजी एवढेच लिहितात आणि आईची भाषा लपवितात. जेथे शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण व्हावे असे २०२० चे धोरण म्हणते. मेळघाटात किंवा गडचिरोलीत पहिलीच्या मुलांसाठी साहित्य करणाऱ्या संस्थेला कोरकू वा गोंडी येणारा उमेदवार किती मोलाचा, हे वेगळे सांगावयास नको. बोलता येते, समजते, लिहिता येते, यांतले काय येते ते खरे लिहावे. मुलाखतीत त्या भाषेचा जाणकार समोर बसलेला असू शकतो.

कागदाच्या डोक्यावर नाव, गाव-तालुका-जिल्हा, मोबाइल क्रमांक, ई-मेल. बस्स. जात, धर्म, उंची, रक्तगट काढून टाकावे. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला मागितला असेल तर तो वेगळा जोडावा. त्याखाली दोन-तीन ओळींत आपण कोण आणि काय करू शकतो हे सांगावे, आणि ते त्या जागेपुरते सांगावे. प्राथमिक गणिताची जागा असेल तर 'प्राथमिक गणित शिकविण्याचा व कार्यपत्रिका तयार करण्याचा तीन वर्षांचा अनुभव. स्थलांतरित मुलांच्या शिक्षणात विशेष काम' एवढे पुरे. पुढच्या जागेला अर्ज करताना या ओळी बदलाव्यात. एकदा छापलेला कागद दहा ठिकाणी टाकणे म्हणजे सगळ्या जमिनीत एकच बी फेकण्यासारखे आहे. जाहिरात समोर ठेवावी, तीत काय काय मागितले आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्यातले जे जे आपण खरोखर केले आहे ते त्याच शब्दांत आपल्या कागदात आले आहे काय, हे ताडून पाहावे. न केलेले घालू नये.

ज्या भगिनींच्या नोकरीत लग्नामुळे, बाळंतपणामुळे, सासऱ्यांच्या आजारपणामुळे चार-पाच वर्षांचा खंड पडला आहे, त्या तो खंड झाकण्यासाठी तारखाच गाळतात. तारीख नसलेली ओळ वाचणाऱ्याला जास्त खटकते. 'कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरी केली नाही' हे सरळ लिहावे. आणि त्या काळात वस्तीवरची पाच-सात मुले संध्याकाळी ओसरीवर बसवून शिकविली असतील, अंगणवाडीताईंना गोष्टींची चित्रे काढून दिली असतील, हंगामी वसतिगृहात मुलांचा अभ्यास घेतला असेल, तर तेही काम म्हणून लिहावे. त्याला पगार नव्हता म्हणून ते काम नव्हते असे नाही. बायकांच्या कामाची नोंद सातबारावर होत नाही. निदान स्वतःच्या बायोडाटावर तरी व्हावी.

प्रशिक्षणांची लांबलचक यादी देऊ नये. दोन तासांच्या ऑनलाइन कार्यक्रमाची वीस प्रमाणपत्रे असली, तरी ज्यातून खरोखर काही घेतले ती दोन-तीन लिहावीत. 'छंद' काढून टाकावा. मात्र मुलांसाठी गोष्टी लिहिल्या असतील, 'किशोर'सारख्या मासिकात काही छापून आले असेल, विज्ञान जत्रेसाठी उपकरण केले असेल, तर ते छंदात न लपविता 'लेखन व साहित्य' असा मथळा करून ठेवावे.

टंकलेखनाविषयी एक रोकडी सूचना. तालुक्याच्या दुकानात अजून पुष्कळ ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करतात. ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी कीडमुंग्यांसारखी अक्षरे दिसतात, आणि अर्ज न वाचताच बाजूला पडतो. युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावे. फाइल पीडीएफ करूनच पाठवावी आणि आधी घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहावी. फाइलचे नाव 'न्यू बायोडाटा फायनल' असे न ठेवता आपले नाव व जागेचे नाव असे ठेवावे. युनिकोडमध्ये स्वतः टाइप करता येणे, तक्ते करता येणे हे या कामात रोज लागते. येत असेल तर लिहावे, येत नसेल तर महिनाभरात शिकण्याजोगे आहे. आणि शुद्धलेखन दोनदा तपासावे. मुलांसाठी पुस्तके लिहू पाहणाऱ्याच्या अर्जात 'शिक्षीका' दिसले तर पुढचे कोण वाचणार?

बायोडाटाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व नमुन्यांना आहे. स्वतः केलेल्या कामाचे दोन-तीन नमुने सोबत द्यावेत : एक पाठाची आखणी, एक कार्यपत्रिका, एक चाचणी. हाताने लिहिलेली, मुलांच्या बोटांचे डाग पडलेली मूळ पत्रिका स्वच्छ उजेडात फोटो काढून दिली तरी चालते. मला तर तीच अधिक बोलकी वाटते. प्रत्येक नमुन्यावर चार ओळी लिहाव्यात, की कोणत्या इयत्तेसाठी, काय साधावयाचे होते, किती मुलांनी केली, काय घडले. मुलांची नावे आणि चेहरे दिसणार नाहीत याची काळजी घ्यावी. गाइडातून किंवा दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवून आपला म्हणून नमुना कधीही देऊ नये. वाचणारे याच धंद्यातले असतात. कोणता धडा कोठून आला हे त्यांना वासावरून कळते.

ओळखीच्या माणसांची नावे मागतात तेथे सरपंच, चेअरमन, आमदार यांची नावे देण्याची आपल्याकडे हौस आहे. साहेबांचे शिफारसपत्र जोडले की काम झाले, असे वडीलधाऱ्यांना वाटते. येथे त्याने नुकसानच होते. ज्यांनी आपला वर्ग पाहिला आहे असे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, अध्यापक विद्यालयातले सर किंवा बाई यांची नावे द्यावीत, तीही त्यांना विचारून. फोन गेला की त्यांनी 'कोण ही?' असे म्हणू नये.

अर्जाचे पत्र अर्ध्या पानाचे असावे. 'आपल्या सुप्रसिद्ध संस्थेत सेवेची संधी मिळाल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन' अशी वाक्ये नकोत. जाहिरात कोठे पाहिली, त्या संस्थेचे कोणते पुस्तक वा साहित्य आपण वर्गात वापरले आहे, त्यात मुलांना काय जमले आणि काय जड गेले, आणि आपण त्यात काय भर घालू शकतो, इतके पुरे. साहित्य वापरून पाहिल्याचा असा एक परिच्छेद पानभर स्तुतीपेक्षा भारी ठरतो.

नोंदणी फी, प्रशिक्षण अनामत, साहित्याचे पैसे अशी रक्कम नोकरी देण्याआधी कोणी मागितली तर तेथेच थांबावे. शाळेत चिकटविण्यासाठी लाखांचे सौदे ऐकून ऐकून आपल्या मंडळींना पैसे मागितल्याशिवाय नोकरी खरीच वाटत नाही. अभ्यासक्रमाच्या कामात उमेदवाराने पैसे भरण्याचा काही संबंध नाही.

कागद पसंत पडला की बहुधा लगेच मुलाखत होत नाही. आधी एक काम करावयास देतात : 'इयत्ता चौथीसाठी पाणी या विषयावर तीन तासिकांची आखणी चार दिवसांत पाठवा' असे काहीतरी. या चार दिवसांत घरच्यांनी तिला कांद्याच्या गोणी भरावयास बोलावू नये. तिने आखणी लिहावी, शेजारची चौथीतली तीन-चार मुले बोलावून एक तासिका प्रत्यक्ष घेऊन पाहावी, जे चुकले ते दुरुस्त करावे आणि तसे टिपणात लिहून पाठवावे. मग मुलाखतीत विचारतील, की पाणी मोजण्याची कृती तुम्ही पहिल्या तासिकेला न ठेवता दुसऱ्या तासिकेला का ठेवली. मुलांना हंडा, कळशी, तांब्या ही मापे ठाऊक होती, लिटर ठाऊक नव्हते. म्हणून आधी एका हंड्यात किती तांबे मावतात ते मोजले आणि मग लिटरचे माप हातात दिले, असे उत्तर तिच्याजवळ त्या वेळी तयार असेल.